दगड हलवल्यावर

१

मुरबाडपासून समुद्र लांब. धसईच्या रस्त्याला राहणारी माणसं एकदा लग्नानंतर समुद्र बघायला जातात, आणि मग एकदा पोरांना दाखवायला. तरी किशोरच्या बाहेरच्या खोलीत समुद्र होता. भिंतभर लांब काचेची टाकी, तळाला पांढरी वाळू, वाळूवर भोकाभोकांचे दगड आणि दगडांना धरून जगणारी पोवळी. मीठ बादल्यांमधून यायचं, पाणी फिल्टरचं असायचं आणि लाटांचं काम पंप करायचे. वीज गेली की इन्व्हर्टर सुरू होई. किशोरच्या म्हाताऱ्या आईच्या डोक्यावरचा पंखा थांबला तरी चालेल, टाकीचा पंप थांबता कामा नये, असा त्या घरचा कायदा होता.

किशोरचं पोटच अशा टाक्यांवर होतं. कल्याण, बदलापूर, मुरबाडकडचे फार्महाउस, जिथे कोणी हौसेने मासे आणून मग त्यांना कंटाळलं असेल तिथे हा जायचा. काचा घासायच्या, पाणी बदलायचं, मेलेला मासा मालकाच्या पोरांना दिसायच्या आत काढून त्याच रंगाचा दुसरा सोडायचा. घरची टाकी अशाच एका गिऱ्हाइकाची. त्यांनी फ्लॅट विकला आणि टाकी याच्या गळ्यात मारली. याला तर तेच हवं होतं.

भाविका त्या घरात लग्न होऊन आली ती दिवाळीनंतर. किशोरची ही दुसरी बायको. पहिली, रविना, काविळीने गेली त्याला वर्ष उलटलं होतं. नवीन नवरी म्हणून भाविकाला घर दाखवायचं सोडून किशोरने आधी टाकी दाखवली, आणि तिलाही ते आवडलं. निदान हा माणूस काहीतरी मन लावून करतो, असं तिला वाटलं.

"गिऱ्हाईक मासा दिसतो कसा ते बघतो," किशोर सांगायचा. "आपण बघायचं, कोणाचं कोणाशी जमतं. हा निळा डॅमसेल बघ. बोटाएवढा हाय, पण आधी आला म्हणून सगळी टाकी बापाची समजतो. नवा मासा सोडला का त्याला मारून टाकील."

"मग नवा सोडायचाच नाय?"

"सोडायचा. पण आधी दगड हलवायचे. सगळे. इकडचा तिकडं, वरचा खाली. मग जुन्याला कळतच नाय आपली जागा कुठली. जागा मोडली का हक्क मोडला. मग नवा न् जुना सारखेच."

लग्न जुळवणारी माणसं एवढा विचार करत नाहीत, असं भाविकाच्या मनात आलं. मग किशोर थोडा लाजत म्हणाला, "तू यायच्या आधी घरात पण तसंच केलं."

खरंच केलं होतं. स्वयंपाकाचा ओटा पूर्वेच्या भिंतीचा काढून मागच्या भिंतीला बांधला होता. झोपायची खोली आणि धान्याची खोली यांची अदलाबदल झाली होती. परसात जायचं दार बुजवून दुसरीकडे नवीन पाडलं होतं. मागची तुळसही उचलून पुढे आणली होती. एवढी मोडतोड कोणी आपल्यासाठी केली, याचा भाविकाला आनंद झाला. तो तिने लपवलाही नाही.

२

सासू चंद्रकला मात्र त्या घरात चाचपडत चालायची. मोतीबिंदूने नजर गेलेली, जन्म गेला त्या घरात, आणि आता दार म्हणून हात लावावा तर भिंत. तक्रार तिची दाराची नव्हती. तिचं म्हणणं टाकाचं होतं.

दुसरेपणाची बायको घरात आली की तिच्या गळ्यात पहिलीचा टाक घालतात. चांदीचा लहानसा पत्रा, त्यावर बाईची आकृती. नवीन लुगडं नेसायच्या आधी टाकाला लावायचं. सणाचा पहिला घास तिच्या नावाने काढायचा. बस, एवढंच. मग ती आपल्या जागी राहते आणि ही आपल्या.

"सोनाराकडं जाऊन ये रे," चंद्रकला दर चार दिवसांनी म्हणायची. "तिचं तिला दिलं का ती गप ऱ्हाईल."

"आई, मी रोज बघतो टाकीत," किशोर म्हणायचा. "जुन्याला जागा ठेवली का जुना नव्याला जगू देत नाय. जागाच ठेवायची नाय."

"ती काय मासा व्हती?"

यावर किशोर उठून जायचा. रविनाचं नाव निघालं की तो उठून जातो, हे भाविकाने पहिल्याच आठवड्यात हेरलं होतं. तिची स्वतःची टाकाला काही हरकत नव्हती. मेलेल्या बाईला चांदीचा पत्रा आणि एक घास द्यायला काय जातं? पण नवऱ्याच्या विरुद्ध जाऊन सासूची बाजू घ्यायची, तेही नवीन असताना, हे तिला परवडणारं नव्हतं.

कारण तिचंही हे दुसरंच लग्न. पहिल्या घराने तिला वर्षाच्या आत शहापूरला माहेरी आणून सोडलं होतं. कारण सांगितलं नाही, कोणी विचारलंही नाही. भाऊ आदेश, वहिनी, त्यांची पोरं, एवढ्याशा घरात ती कोपऱ्यात झोपायची, आणि वहिनी भात वाढताना डाव थोडा झटकायची. ते झटकणं भाविका विसरली नव्हती. या लग्नाच्या वेळी आदेश म्हणाला होता, "आता जाशील तिथं जागा धरून ऱ्हा. आमच्याकडं नाय जागा." रागाने नव्हे, खरं तेच म्हणाला. तेव्हा हे घर टिकवायचं, काहीही होवो, एवढं भाविकाने मनाशी पक्कं केलं होतं.

३

थंडी सरता सरता किशोरला टाकीत टँग आणायची हुक्की आली. टँग म्हणजे हाताच्या पंजाएवढा पिवळाधमक मासा, दगडावरचं शेवाळ चरणारा. आठ-दहा दिवस नवरा-बायकोत तोच विषय. टँग वाळूतल्या गोबी माशाला त्रास देईल का? नाही, गोबी खाली राहतो. पोवळी खाईल का? नाही. डॅमसेल त्याला मारेल? हां, तो मारेल. म्हणजे दगड हलवायला हवेत. भाविकाला आता हे सगळं पाठ झालं होतं आणि त्याचं तिला कौतुक होतं.

रविवारी दोघांनी मिळून दगड हलवले. टाकीत क्लाउन माशांची जोडी होती, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली. मोठी ती मादी, लहान तो नर. ती जोडी एका दगडावरच्या ॲनिमोनपाशी राहायची. ॲनिमोन म्हणजे फुलासारखा दिसणारा, पण बोटांसारख्या सोंडांनी डुलणारा जीव. किशोरने तो दगडही उचलून पार दुसऱ्या टोकाला नेला.

टँग सोडला. डॅमसेल गोंधळला, दोन-तीनदा उगीच धावला आणि गप झाला. संध्याकाळपर्यंत सगळे आपापल्या जागा नव्याने शोधून मोकळे. लहान क्लाउनही ॲनिमोन गेलं तिकडे गेला. मोठी मादी मात्र गेली नाही.

ती जुन्या जागीच थांबली. तिथे आता काही नव्हतं, नुसतं पाणी आणि वाळू. त्या रिकाम्या पाण्यात ती तोंड काचेकडे करून उभी राहायची आणि मधूनच शेपटीने खालची वाळू झाडायची, घर असताना झाडायची तशी.

"विसरंल," किशोर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाविका चहा करत होती. किशोर हातात ओलं फडकं घेऊन स्वयंपाकघरात आला आणि पूर्वेच्या भिंतीपाशी उभा राहिला. तिथे पूर्वी ओटा होता. आता मोकळी फरशी. तो कमरेइतक्या उंचीवर हवेत फडकं फिरवायला लागला. डावीकडून उजवीकडे, मग कोपऱ्यात दाबून.

"काय करताव?" भाविकाने विचारलं.

त्याने हाताकडे पाहिलं, फडक्याकडे पाहिलं. "सवय," म्हणाला, आणि चहाचा कप घेऊन गेला.

सवय. बरोबर आहे. इतकी वर्षं ओटा तिथे होता. भाविकाने स्वतःची समजूत घातली आणि ती पटलीही. एवढंच की ओटा पुसायची सवय बायकांना असते. या गावात कुठल्या पुरुषाने ओटा पुसलेला तिने ऐकलं नव्हतं.

४

शेजारची सकुबाई परसातून जाता येता दोन गोष्टी बोलल्याशिवाय जात नसे. पिकल्या केसांची, कानात नुसत्या काड्या, आणि जगातल्या सगळ्या भानगडींची माहिती. एक दिवस नळावर ती भाविकाला म्हणाली, "तुझा हात पण तसाच हाय गो. दुपारी तुझी भाकर थापताना ऐकली. दोन थापा, न् मग गप. परत दोन थापा. रविना तशीच थापायची. मी तर जागच्या जागी उभीच ऱ्हायली."

भाविका दुपारभर धसईच्या बाजारात होती. तिने तसं सांगितलं नाही. "हां मावशी," एवढंच म्हणाली, आणि घरी येऊन भाकऱ्यांची टोपली उघडली.

टोपलीत भाकऱ्या होत्या. तांदळाच्या, पातळ, कड एकसारखी, मधे फुगून बसलेल्या. भाविकाच्या भाकरीची कड फाटायची. लहानपणापासून फाटायची, तिच्या आईने त्यावरून तिला बोल लावले होते.

"मी केल्या," किशोर म्हणाला. तो पंपाचं झाकण साफ करत बसला होता. "लवकर आलो, भूक लागली."

"तुमाला येतात?"

"त्यात काय येयाचंय."

चंद्रकला ओटीवर बसून त्याच भाकरीचा तुकडा चघळत होती. तिचं चघळणं थांबलं. भाविकाला वाटलं, म्हातारी काहीतरी बोलेल. तोंडातला घास तिने गिळला आणि डोळे पुसले, आणि मग हात लांब करून आणखी एक भाकर मागितली.

भाविकाने रात्रभर स्वतःशी वाद घातला. बायको गेलेला पुरुष, मधलं वर्ष हा आणि आंधळी आई, कोण करून घालणार होतं? शिकला असेल. रविनाचं बघून शिकला असेल, म्हणून थापही तिचीच. या उत्तरात कुठेच खोट नव्हती. तरी दुसऱ्या दिवशी तिने मुद्दाम, काही कारण नसताना, सगळ्या भाकऱ्या स्वतः केल्या. कडा फाटल्या. चंद्रकलेने अर्धीच खाल्ली.

५

मोठी क्लाउन त्या रिकाम्या जागी उभी राहून मेली. खाणं तिने सोडलंच होतं. किशोरने तिला जाळीने काढलं आणि केळीच्या बुडाशी पुरलं. धंद्यातला माणूस, असे मासे त्याने शेकड्यांनी काढले असतील, पण या वेळी तो बराच वेळ केळीपाशी उकिडवा बसून होता.

"दुसरी मादी आणायची?" भाविकाने विचारलं.

"आणावी लागत नाय. हा हाय ना धाकटा, हाच मादी होतो."

भाविका हसली. तो हसला नाही.

"खरं सांगतो. क्लाउनात तसंच असतं. मोठी गेली का नर तिची जागा घेतो. अंगाने वाढतो, अंडी घालतो. आपण फक्त त्याच्याहून बारका एक सोडायचा. बारकाच पायजे, नायतर भांडतात. तो बारका मग नर होतो."

"न् तो आधीचा नर?"

किशोरने तिच्याकडे पाहिलं. प्रश्न त्याला कळला नव्हता, असं तिला वाटलं. "तो हायच की टाकीत," म्हणाला.

महिन्याभरात धाकटा खरोखर वाढला. ॲनिमोन सोडून तो त्या रिकाम्या जागी येऊन उभा राहायला लागला आणि शेपटीने वाळू झाडायला लागला. किशोरने कल्याणहून नखाएवढा नवीन क्लाउन आणला. या वेळी त्याने दगड हलवले नाहीत. भाविकाने आठवण केली तेव्हा तो म्हणाला, "नको. तिला परत कशाला त्रास."

नवा बारका वाढलेल्यासमोर गेला, आडवा झाला आणि त्याचं सगळं अंग थरथरायला लागलं. भाविका घाबरली. तिला वाटलं, आजारी आहे.

"नाय गो," किशोर काचेला बोट लावून म्हणाला. "तो सांगतो, तू मोठी, मी लहान. मला ऱ्हाऊ दे."

६

उन्हाळ्याबरोबर किशोरचं बाहेर जाणं कमी झालं. आधी म्हणाला पाठ दुखते. मग म्हणाला ऊन बाधतं. गिऱ्हाइकांचे फोन यायचे आणि तो फोन वाजत असताना तांदूळ निवडत बसायचा. सूप हलवून, पाखडून, खडे एका बाजूला. त्याला ते झकास जमायचं.

धंदा बुडाला तर घर बुडेल, हे भाविकाला कळत होतं. तिला स्कूटर येत होती. आदेशच्या गाडीवर शिकली होती. "तुमी मागं बसा, मी चालवते," ती म्हणाली. "तिथं गेल्यावर मला सांगा, मी करते."

किशोर मागे बसला. गाडी निघाल्यावर तिला तोल वेगळा वाटला. मुरबाडच्या नाक्यावर चहावाल्याने शेजारच्याला कोपर मारलं आणि दोघे हसले, तेव्हा तिने मागे वळून पाहिलं. किशोर दोन्ही पाय एका बाजूला सोडून बसला होता. एक हात तिच्या खांद्यावर आणि दुसरा मांडीवर, काहीतरी सावरून धरावं तसा.

"नीट बसा ना."

"असंच बरं वाटतं. पाठ."

पाठ. ठीक. पाठ दुखणारा माणूस कसाही बसेल. भाविकाने गाडी पुढे घेतली. कान मात्र तापले होते, आणि ते नाक्यावरच्या हसण्याने नव्हे.

त्यानंतर ती एकटीच जायला लागली. किशोरचा कामाचा शर्ट अंगावर चढवायचा, कारण खाऱ्या पाण्याने कपड्यांवर पांढरे डाग पडतात. किशोरचा फोन खिशात. बांगड्या आणि जोडवी घरी काढून ठेवायची. गिऱ्हाइकं आधी कुरकुरली, मग सवयीची झाली. कोणता मासा कोणाबरोबर ठेवायचा, ती बिनचूक सांगायची. हे काम तिला आवडायचं. खरं सांगायचं तर तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी तिला काही विचारत होतं आणि ऐकून घेत होतं. घरी यायची वेळ झाली की मात्र ती गाडी हळू चालवायची.

७

एका दुपारी ती लवकर आली. चंद्रकला ओटीवर डुलक्या काढत होती. बाहेरच्या खोलीत पंपाची घरघर, टाकीचा निळा उजेड. घरात दुसरा आवाज नाही.

किशोर झोपायच्या खोलीत नव्हता. तो धान्याच्या खोलीत होता. ती पूर्वी झोपायची खोली होती. पोती भिंतीला सारून त्याने मधे जागा केली होती, जिथे आधी पलंग असणार तिथे, आणि उघड्या फरशीवर तो कुशीवर झोपला होता. गालाखाली हात, गुडघे पोटाशी. डोक्यावरून भाविकाची जुनी साडी पांघरलेली. बाहेर होती ती फक्त पावलं.

भाविका पावलांकडे बघत राहिली. दोन्ही पायांच्या अंगठ्याजवळच्या बोटांवर एक-एक पांढरट वळ होता. बारीक, गोल, बोटाभोवती पूर्ण फिरलेला. वर्षानुवर्षं जोडवी घालून ती उतरवली की राहतो तसा वळ. तिच्या स्वतःच्या बोटांवर तो नीट पडलेला नव्हता. तिची दोन्ही लग्नं मिळून तेवढी जुनी नव्हती.

चपलेचा असेल. नाही, चपलेचा पट्टा अंगठ्याशी असतो. बुटाचा? बुटाने एकाच बोटाला वळ पडत नाही. गमबूट? तिची अक्कल एकेक कारण आणून समोर ठेवत होती आणि ती एकेक कारण परत पाठवत होती. शेवटी कारणं संपली.

"अवो," तिने हाक मारली.

पांघरुणाखाली हालचाल झाली. साडीचा काठ थोडा सरकला. कपाळ दिसलं, एक डोळा दिसला. तो डोळा झोपेतून जागा झालेल्या माणसाचा नव्हता. तो आधीपासूनच उघडा होता आणि तिच्याकडे बघत होता, शांतपणे, ओळखीने. किशोरचा डोळा भाविकाला माहीत होता. हा तिने कधी पाहिला नव्हता.

"आलात?" आवाज हळू होता. "अवो, जेवून घ्या. ताट झाकून ठेवलंय."

भाविका मागच्या पावली बाहेर आली.

८

तिने ओटीवर जाऊन चंद्रकलेला हलवून जागं केलं. "आई, घरात कोण हाय?"

म्हातारीने विझलेल्या डोळ्यांनी तिच्याकडे तोंड केलं. "किती वेळा सांगितला त्याला, तिची जागा ठेव म्हणून. तिला कुठंच जागा नाय ठेवली त्यानं. मग ती कुठं जाईल?"

"न् तुमचा ल्योक?"

चंद्रकलेचे ओठ हलले. ती रडत होती की नुसतं वय होतं, कळेना. मग ती म्हणाली, "मला दोन येळचं गरम मिळतं गो. मी काय बोलू."

भाविकाने पिशवी भरली आणि स्कूटर काढली. धसईच्या स्टँडवर गाडी लावायची, मुरबाडची एसटी पकडायची, तिथून पुढे शहापूर. स्टँडवर पोचून तिने आदेशला फोन लावला.

"मी येतेय," ती म्हणाली.

मागे वहिनीचा आवाज आला आणि बंद झाला.

"परत तसंच?" आदेश म्हणाला. "मारतो का तो?"

"नाय."

"पितो?"

"नाय."

"मग काय करतो?"

भाविकाने तोंड उघडलं. भाकऱ्या, फडकं, बोटांवरचा वळ. उन्हात, भाजीच्या टोपल्यांच्या मधे उभी राहून यातलं काय सांगणार? "घरातलं सगळं काम तोच करतो," ती म्हणाली.

आदेश हसला. सुटल्यासारखा हसला बिचारा. "मग नशीब काढलंस की. जा घरी."

एसटी आली. माणसं चढली. कंडक्टरने तिच्याकडे बघून हात केला, आणि तेवढ्यात खिशातला फोन वाजला. फार्महाउसवालं गिऱ्हाईक होतं. नवीन मासे आणलेत, एकमेकांना चावतायत, काय करू, किशोरभाई आहेत का? भाविकाने एसटीकडे पाहिलं. आत बसायला जागा होती. पण ती जिथे जाणार तिथे नव्हती.

"सोडू नका एकत्र," ती फोनमध्ये म्हणाली. "पोचतोच आपण."

९

काम उरकायला संध्याकाळ झाली. येताना मुरबाडहून मिठाची बादली आणायची होती, ती तिने आणली; पुढे पायांशी ठेवली. अंगावर किशोरचा शर्ट, केस वाऱ्याने विस्कटू नयेत म्हणून रुमालात बांधलेले. गाडी अंगणात लावली तेव्हा दिवेलागण झाली होती.

ओटीवरून चंद्रकलेने मान वर केली.

"किशोर, आलास का रे?"

भाविका उभी राहिली. म्हातारीला दिसत नाही, हे खरं होतं. म्हातारीला भाविकाची चाल ओळखू येते, हेही तितकंच खरं होतं, रोज यायची. ती खूप दमली होती. दुसऱ्यांदा पिशवी भरून निघालेली आणि दुसऱ्यांदा कुठेच न पोचलेली बाई जेवढी दमेल तेवढी दमली होती.

"हां, आई," ती म्हणाली.

मोरीवर गरम पाणी काढून ठेवलं होतं. पाय धुवून ती आत गेली. पाट मांडलेला, पुढे ताट. वालाचं बिरडं, भाजलेला बोंबील, वाफेचा भात. ती पाटावर बसली. आजवर दोन सासरी आणि एका माहेरी तिला कोणी असं बसवून वाढलं नव्हतं. सगळ्यांचं झाल्यावर, भांड्याच्या बुडाशी उरेल ते, ओट्याशी उभ्याने, असंच तिचं जेवण असायचं. तिला रडू फुटेलसं वाटलं, आणि ते भीतीचं नव्हतं याची तिला लाज वाटली.

वाढणारी व्यक्ती तिच्या उजव्या हाताला येऊन वाकली. भाविकाने मान वर केली नाही. तिला फक्त हात दिसला. मनगटात हिरव्या बांगड्या होत्या, सकाळी तिनेच काढून ठेवलेल्या. त्या मनगटात त्या अडकल्या नव्हत्या, सैल फिरत होत्या. डाव भरून भात ताटात पडला. डाव झटकला गेला नाही.

परसाच्या दाराशी सकुबाईचं डोकं आलं. आत अंधुक होतं, बल्बवर किडे होते.

"भाविका कुठं गेली रे? दिसली नाय आज."

वाढणारा हात ताटावर थांबला. बाहेर ओटीवर चंद्रकलेचं खोकणं थांबलं. बाहेरच्या खोलीतला पंप तेवढा चालू राहिला. भाविकाला कळलं की सगळे तिच्या उत्तराची वाट बघतायत, आणि कोणी तिला घाई करत नाहीये. मी इथे आहे, एवढं म्हणायचं होतं. म्हटलं असतं, तर पाटावरून उठावं लागलं असतं.

तिने तोंडातला घास गिळला.

"माहेरी गेली," ती म्हणाली. "शहापूरला."

"कधी येणार?"

"नाय येणार आता."

सकुबाईने च्यक् केलं. मग ती वाढणाऱ्या बाईकडे वळली, दळणाचं काहीतरी बोलली, "बरं गो बाय, येते," म्हणाली आणि गेली.

हात पुन्हा खाली आला. ताटात बिरडं पडलं. भाविका जेवायला लागली.